पाचवी माळ

"आधी कास," नंदकुमार म्हणाले आणि नकाशाचा उडणारा कोपरा त्यांनी चटणीच्या बरणीखाली दाबला. "मग मेढ्यावरून केळघरचा घाट चढायचा, महाबळेश्वरला मुक्काम. तिथून आंबेनळी उतरून पोलादपूर, महाड, आणि येताना वरंध चढून भोर."

"म्हणजे तीन घाट," मी म्हटलं. "आपल्या मुक्ताला एका घाटातच उलटी होते."

"लिंबं घे."

"लिंबानं नाही थांबत तिची."

"मग पिशव्या घे," म्हणून ते पुन्हा नकाशावर वाकले.

सोलापूरच्या माणसाला डोंगराचं काय अप्रूप असतं ते डोंगरात राहणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल, आणि घाट म्हणजे तुळजापूरचा. त्या पाडव्याला आम्ही गाडी घेतली होती, घरातली पहिलीच. पावसाळा संपला की गवत पिवळं पडायच्या आत तिला खरे घाट दाखवायचे, असं नंदकुमारांनी ठरवून टाकलं होतं. ते गाडीबद्दल नेहमी असंच बोलायचे, पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं.

अडचण एकच होती. रजा मिळाली ती नेमकी नवरात्रात.

आमच्याकडे घट बसतात. देवापाशी माती पसरून धान्य पेरायचं, त्यावर घट, रोज एक माळ, आणि नऊ दिवस अखंड दिवा. दिवा विझू द्यायचा नाही आणि घराला कुलूप घालायचं नाही. दरवर्षी हे सगळं आत्याबाई करायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. त्यामुळे त्या घरी राहणार हे कोणी ठरवलंच नव्हतं, ते ठरलेलंच होतं. नकाशावर चौथ्या माणसाचा हिशेब धरायचा प्रश्नच नव्हता.

त्या स्वयंपाकघराच्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. आमचं तीन घाटांचं भांडण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "निघणार कधी म्हणालास?"

"चौथ्या माळेला. पहाटे."

"आणि परत?"

"आठव्या माळेला. संध्याकाळपर्यंत."

"आठव्याला नक्की ना? मधीच नाही येणार?"

"नाही गं आई. का?"

"विचारलं आपलं." त्यांनी फोलपटं फुंकली. "एवढं लांब चाललाय तर निवांत बघून या. घाई कशाला करायची?"

म्हातारं माणूस आपण कधी परत येणार ते दोन-दोनदा विचारतंय, आणि वर निवांत या म्हणतंय. आम्ही थंड हवेत मक्याची कणसं खात फिरणार आणि ह्या इथे तेलाचं भांडं घेऊन वातीपाशी जागणार. मी त्या दिवसापासून सहलीची एक पिशवी भरायला घेतली की तिच्यात कपड्यांबरोबर ही टोचणीही भरली जायची.

त्यातून माझ्या आईचा फोन. "सासूला दिव्यापाशी बसवून तुम्ही डोंगर बघायला निघालाय? लोक काय म्हणतील, उज्ज्वला?" लोक काही म्हणत नव्हते, पण आता मला सगळेच म्हणतायत असं वाटायला लागलं. शेजारच्या बिराजदार वहिनींनी साधं "आजी एकट्याच का मग?" असं विचारलं तर मी त्यांना पाच मिनिटं खुलासा देत बसले.

घरात जे दिसेल त्याचा मी तोच अर्थ लावत होते. आत्याबाईंनी माळ्यावरची चांगली गादी उतरवून उन्हात टाकली. मला वाटलं, एकटं राहायचं म्हणून काहीतरी काम काढतायत. शेंगाची चटणी दुपटीनं कुटली. मला वाटलं, आमच्या शिदोरीसाठी. बाजारात गेल्या आणि हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. त्या स्वतः तर मामंजी गेल्यापासून हातात एकेक पाटलीच घालायच्या. देवीच्या ओटीला असतील म्हणून मी विचारलंही नाही. आणि एकदा माळेसाठी झेंडू ओवताना चक्क गुणगुणत होत्या. मला रडूच आलं. दुःख लपवायला माणूस काय काय करतं, असं मी नंदकुमारांना सांगितलं.

"आईला खरंच काही वाटत नाहीये," ते म्हणाले.

"तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला कुठलं कळायला?"

"मग राहायचं का घरी?"

ते मात्र मला नको होतं. खरं सांगायचं तर मला डोंगर हवे होते आणि मनाला टोचायलाही नको होतं. म्हणून मी दिव्यापाशी बसायला दुसरं कोणी मिळतं का ते बघायला लागले.

आत्याबाईंच्या माहेरचं जवळचं असं एकच माणूस उरलं होतं, त्यांची थोरली बहीण गोदाक्का. पण त्यांचं नाव आमच्या घरात निघत नसे. गोदाक्कांनी ऐन चाळिशीत नवऱ्याचं घर सोडलं होतं आणि गुलबर्ग्याच्या एका विधुर मास्तरांबरोबर त्या राहायला लागल्या होत्या. नवऱ्याचा मार किती वर्षं खाल्ला ते कोणी मोजलं नाही. घर सोडलं तेवढं सगळ्या भावकीनं लक्षात ठेवलं. "ती बाई ह्या उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर," असं मामंजी म्हणाले होते. आता मामंजी नव्हते, पण त्यांचा शब्द होता. नंदकुमार वडिलांच्या माघारी त्यांचं सगळं तसंच चालवायचे, आदर म्हणून किंवा सवय म्हणून. मी लग्न होऊन आल्यापासून गोदाक्कांना एकदाही पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी गाठलं आमच्या चुलत जावेला, जयमालाला. दोन गल्ल्या सोडून राहायची. सोवळ्याओवळ्यात अशी की देवीनेसुद्धा तिला विचारून बसावं. ती एका पायावर तयार झाली. "तुम्ही खुशाल जावा ओ, मी राहते तिथं. दिव्यापाशी डोळ्याची पापणी लवू देणार नाही." मग मी हळूच आत्याबाईंच्या दोन साड्या काढून घेतल्या, त्यांच्या गोळ्या घेतल्या आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"आत्याबाई, तुम्हीही येताय आमच्याबरोबर!"

मुक्तानं टाळ्या पिटल्या. नंदकुमार माझ्याकडे बघून हसले. आत्याबाईंच्या हातात तेलाचं भांडं होतं. त्या म्हणाल्या, "मी? आणि दिवा?"

"जयमाला येणार आहे राहायला. सगळं ठरलंय."

"नको गं बाई. मला कशाला? मला गाडी लागते."

"पुढच्या सीटवर बसायचं. काही लागत नाही."

"अगं पण घट सोडून..."

"आयुष्यभर तुम्हीच सांभाळलेत ना? एका वर्षी दुसरं कोणी सांभाळेल. मला तुम्हाला इथे एकटं टाकून घाससुद्धा गिळायचा नाही." हे म्हणताना माझा गळा भरून आला. मला अजून आठवतं, गळा भरून आला त्याचंही मला बरं वाटलं होतं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर त्या दोनदा फोनपाशी गेल्या. एकदा रिसीव्हर उचलून नंबर फिरवला, बराच वेळ कानाला धरला, हळूच दोन शब्द बोलल्या आणि ठेवून दिला. मी विचारलं, कोणाला? म्हणाल्या, "कोणाला नाही." त्यांच्या पंढरपूरच्या नणंदेला सांगत असतील की सून बघा कशी फिरायला नेते, असं मला वाटलं. माणूस स्वतःवर खूश असला की त्याला काय काय वाटतं!

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो ते दिवसभर मजल दरमजल करत साताऱ्याला पोचलो. पाचव्या माळेच्या सकाळी कासला. त्या वर्षी नवरात्र लवकर आलं होतं, फुलं अजून होती. तेरड्यानं सगळा उतार गुलाबी झाला होता, मधे मधे सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे. मुक्ता उलटी विसरून धावत सुटली. मी आत्याबाईंचा हात धरून त्यांना पाऊलवाटेवर घेऊन गेले.

"बघा आत्याबाई!"

"हो गं. छान आहे." त्या फुलांकडे बघून म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "किती वाजले?"

"दहा वाजून गेले असतील. का?"

"उगीच."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. नंदकुमारांच्या मोबाइलला रेंज आहे का तेही विचारलं. मला वाटलं, दिव्याची काळजी. मी जरा रागावलेसुद्धा. "जयमाला बघेल की सगळं! तुम्ही जरा बघा तरी कुठे आलाय ते." त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली आणि समोर बघत उभ्या राहिल्या. त्यांना काही दिसत नव्हतं हे मला दिसत होतं. मला वाटलं, सवय नाही; उद्यापर्यंत रमतील.

मेढ्याला चहासाठी थांबलो आणि मोबाइल वाजला. नंदकुमार चाकांतली हवा बघत होते, म्हणून मी घेतला. जयमाला फोनवर बोलायची ती पलीकडच्या गावाला ऐकू जावं अशी.

"वहिनी, काळजीचं काही नाही ओ. दिवा झकास आहे. पण काय झालं म्हाईत आहे का? सकाळी दारात कोण यावं? ती गोदाक्का!"

"कोण?"

"आत्यांची बहीण ओ, गुलबर्ग्याची! हातात पिशवी, केस सगळे पांढरे. मी एकदाच बघितलेली, माझ्या लग्नाच्या आधी, पण ओळखलं बघा लगेच. ओळख मात्र दाखवली नाही. म्हटलं, घरात कोणी नाही, सगळे डोंगर बघायला गेलेत. तर म्हणते, यमुनापण? म्हटलं, त्याच तर पुढच्या सीटवर बसून गेल्यात! दारातूनच लावून दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मामंजींचा शब्द, आणि घरात घट बसलेले. मी असताना असलं काही होऊ देते होय?"

"मग?"

"मग काय, ओट्यावर टेकली जरा वेळ. मग गेली स्टँडकडं. तुम्ही निवांत फिरा ओ."

मी फोन बंद केला. आत्याबाई टपरीच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं.

"अक्का आलती?"

मी मान हलवली.

"आत घेतलं का जयमालानं?"

जयमाला जे बोलली ते सगळं मी सांगितलं. ओट्यावर टेकल्याचं सांगायला नको होतं, पण सांगून गेले. आत्याबाईंनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

नंदकुमार हात पुसत आले. "काय झालं?"

"अक्काला मी बोलावलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "तुळजापूरला देवीला आलती ती. दोन दिवस धर्मशाळेत राहून आज आपल्याकडं येणार होती. सातव्या माळेपर्यंत राहणार होती. तुम्ही यायच्या आत जाणार होती."

पलीकडे मुक्ता बिस्किटाचा पुडा फोडत होती.

"अहो आत्याबाई," मी म्हटलं, "मग मी सांगितलं तेव्हा का नाही बोललात?"

"तिला कळवणार कुठं? फोन केला तर मास्तर म्हणाले, ती कालच निघाली. आणि तू एवढ्या मायेनं सांगत होतीस. माझ्या साड्यासुद्धा भरल्या होत्यास." त्या जराशा हसल्या. "तुझ्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना बाई."

"आई, मला सांगायचं होतंस," नंदकुमार म्हणाले. "मी काय नाही म्हणालो असतो?"

"नसतास म्हणाला. मला ठाऊक आहे. तू हो म्हणाला असतास. पण हो म्हणायच्या आधी जरा थांबला असतास, तुझ्या दादांचा शब्द आठवून. तेवढं थांबलेलं मला बघायचं नव्हतं."

"मी नसतो थांबलो," ते म्हणाले. पण ते म्हणायलासुद्धा त्यांना वेळ लागला, आणि तो आम्हा तिघांनाही कळला. त्यांनी मान खाली घातली.

"मला तिची ओटी भरायची होती," आत्याबाई पुढे बोलत राहिल्या. इतकं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "आपल्या देवीपुढं बसवून. बांगड्या आणल्या, खण आणला. मास्तरांच्या घरी आज एवढी वर्षं संसार करते ती, पण एकाही बाईनं तिला सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं नाही. मी भरणार होते. आता मी अशी, मी ओटी भरायची नाही. ती तशी, तिची भरायची नाही. चार लोकांत कोण होऊ देणार? तू घरात असतीस तर तुलाच अवघड झालं असतं. घर रिकामं मिळणार होतं म्हणून तर जमवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कुठंतरी निघाला होतात."

गादी, चटणी, बांगड्या, गुणगुणणं, 'आठव्याला नक्की ना'. एकेक गोष्ट माझ्या अंगावर आली. ती बाई आनंदात होती. घरात वावरणारा तिचा आनंद मला सबंध पंधरवडा दुःख म्हणून दिसला, कारण मला माझं वाईट वाटून घ्यायचं होतं. माझ्या मनाची टोचणी काढायला मी त्यांना उचलून गाडीत बसवलं होतं. तेही पुढच्या सीटवर. मला त्या टपरीत कुठे तोंड लपवू असं झालं.

"चला, परत फिरू," नंदकुमार म्हणाले.

"कशाला? ती गेली असेल."

"मग गुलबर्ग्याला जाऊ. सरळ. मी जाऊन पाया पडतो मावशीच्या."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, हो म्हणणार. पण त्या म्हणाल्या, "थांब. आधी मला बोलू दे तिच्याशी. संध्याकाळपर्यंत पोचेल ती घरी."

केळघरचा घाट आम्ही कसा चढलो ते मला सांगता यायचं नाही. एका वळणावर सगळी दरी उघडी झाली, खाली भाताची खाचरं, त्यांच्यावर ढगांच्या सावल्या. ज्यासाठी आम्ही नकाशावर भांडलो होतो ते हेच होतं. कोणी गाडी थांबवा म्हणालं नाही.

महाबळेश्वरला मोबाइलला रेंज नव्हती, पण बाजारात एसटीडीचं दुकान होतं. दिवेलागणीला आम्ही दोघी तिथे गेलो. आत्याबाईंना नंबर लावून दिला आणि मी बाहेर जायला वळले, तर त्यांनी माझा हात धरला. "थांब इथंच." काचेच्या त्या खोक्यात आम्ही दाटीवाटीनं उभ्या राहिलो. मी मनाशी ठरवलं होतं की त्यांचं बोलून झालं की रिसीव्हर घ्यायचा आणि गोदाक्कांना सगळं सांगायचं. माझी चूक झाली, माझ्या हट्टामुळे झालं, असं.

"अक्का? मी यमुना. पोचलीस का नीट?" आणि मग पलीकडचं ऐकून त्या हसायला लागल्या. मी दचकून बघितलं. "अगं हो गं! काय सांगू तुला, माझंच चुकलं. ह्या पोरांनी गाडी काढली, मला म्हणाली चल, आणि मला मोहच झाला बघ. सपशेल विसरले! तू यायची ती पाचवी माळ का सहावी, माझ्या डोक्यात घोळच झाला. नाही गं, कोणी नेलं नाही मला, मीच उठून बसले गाडीत. पुढं बसले. हो, हो. म्हातारचळ म्हण, काही म्हण."

मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"ती होय? ती जयमाला. भावकीतली आहे, ती काय ओळखते तुला? नाहीतर आत घेतलंच असतं की. चहा केला असता. अगं नाही, घरात आता कोणी काही धरून नाही. नंदू तर परवाच म्हणत होता, मावशीला बोलवा. होय, खरंच. तर मीच अशी विसरभोळी. हां. हां. रागव, तुझा हक्क आहे."

नंतर बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आहेत, फुलं आहेत अजून. खूप आहेत. सांगते आल्यावर." आणि फोन ठेवला.

दुकानाबाहेर पायरीवर त्या बसल्याच. मी त्यांच्या शेजारी बसले. बाजारात लोक चप्पल, जॅम, काठ्या घेत फिरत होते.

"असं का सांगितलंत?" मी विचारलं. "तुम्ही विसरलात असं वाटेल ना त्यांना! मी सांगितलं असतं खरं."

"खरं म्हणजे काय सांगितलं असतंस? की तू न्यायला निघालीस आणि मला ब्र काढता आला नाही? म्हणजे मी अजून चोरूनच तिला बोलावत होते, हेच झालं ना. अन् जयमालानं ओळखून परत लावलं, हे?" त्यांनी गुडघे चोळले. "ती आज ओट्यावर बसून दोनच गोष्टींचा विचार करत असणार. एक, माझ्या बहिणीच्या घरात मी अजून चालत नाही. नाहीतर दुसरी, माझी बहीण वेंधळी आहे. मी दुसरी दिली तिला. माझा राग येईल. राग काय, जातो."

"मग उद्या गुलबर्ग्याला जायचं ना?"

"उद्या धावत गेलो तर तिला कळणारच. मी मजेत फिरायला आलेय ना? मग फिरायला नको?"

आणि आम्ही फिरलो. ठरल्याप्रमाणे सगळं. नंदकुमारांनी एकही मुक्काम गाळला नाही, आणि कोणीही तो गाळूया म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पॉइंटवर धुकं सरलं आणि कोयनेचं खोरं दिसायला लागलं, तेव्हा आत्याबाई आपण होऊन कठड्यापाशी गेल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"नंदू, फोटो काढ माझा. डोंगर येऊ देत मागं. अक्काला पाठवायचाय."

नंदकुमारांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग तो खाली घेऊन माझ्याकडे दिला. मी भिंगातून बघितलं तर आत्याबाई हसत होत्या. सगळं तोंड भरून. पुढचे दोन दिवस प्रत्येक घाटात त्यांनी असा एकेक फोटो काढून घेतला, आणि प्रत्येक वेळी मला बटण दाबावं लागलं.

घरी आल्यावर पहिली गोष्ट नंदकुमारांनी केली ती म्हणजे गोदाक्कांना फोन लावला. ह्या वेळी ते थांबले नाहीत. "मावशी, दिवाळीला या. मी घ्यायला येतो." गोदाक्का खूप हसल्या म्हणे. "नको रे बाबा. तुझी आई ऐन वेळी डोंगरात पळून जाते. एकदा दार बघून आले, पुरे झालं." दिवाळीला तेच, पुढच्या नवरात्रालाही तेच. दरवेळी थट्टाच करायच्या, आणि यायच्या मात्र नाहीत. आत्याबाई दोन-तीनदा गुलबर्ग्याला जाऊन आल्या, पण ओटी आपल्या देवीपुढेच भरायची असा त्यांचा हट्ट होता. ती राहूनच गेली.

गोदाक्का गेल्या त्यानंतर तेराव्याला आम्ही तिघं गुलबर्ग्याला गेलो. मी त्यांचं घर तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. दोन खोल्या, पुढे अंगण, तगरीचं झाड. मास्तर खूप थकले होते. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि भिंतीकडे हात केला. तिथे चौकटीत तो फोटो होता, मी काढलेला, धुक्याच्या डोंगरापुढे हसणाऱ्या आत्याबाईंचा.

"आल्यागेल्याला दाखवायची," मास्तर म्हणाले. "म्हणायची, ही माझी बहीण. मला विसरून गेली होती फिरायला. पण बघा, किती खूश दिसते. जन्मात एवढी हसताना मी तिला पाहिली नव्हती. बरंच झालं विसरली ते." मग त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "खरंच एवढी मजा आली होती का हो?"

नंदकुमारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरले, आता तरी आपण बोलावं म्हणून. पण आत्याबाईंनी फोटोवरून नजर काढली नाही.

"हो मास्तर," त्या म्हणाल्या. "खूप मजा आली होती."